वरपक्षाच्या खोलीतलं कपाट

किरपेकर बाईंचं 'पडद्याशेजारचा माणूस' हे पुस्तक आज जगात कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता येतं.

असं काही झालेलं नाही. मंडळाच्या वकिलांनी विचारलं की मी हेच सांगतो, आणि तुम्हीही हेच सांगायचं आहे. इंटरनेटवर जे आहे तो माझ्या बहिणीच्या साखरपुड्याचा अल्बम आहे. त्यात पेढे आहेत, अंगठ्या आहेत, डोळे मिटून हसणारे आमचे काका आहेत, आणि मधे एक पाहुणी पुस्तक वाचत बसलेली आहे. ती जरा जास्त वेळ वाचते, एवढंच.

तर त्या सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात टेबलाखाली होतो. इंटरनेटची वायर कुठून तुटलीय ते शोधत होतो. त्यामुळे पुढचं सगळं मी आधी पायांवरून ओळखलं. मोजे घालून त्यावर चप्पल म्हणजे मंडळाचे कार्यवाह हर्डीकर सर. नऊवारी, नाही, पाचवारी साडी आणि खाली कॅनव्हासचे पांढरे बूट, हे पाय नवीन होते.

"आपण मंडळाच्या सभासद आहात का?" सरांनी विचारलं.

"नाही. मी लेखिका आहे."

"तो रकाना नाहीये आमच्याकडे."

"अहो, मला माझंच पुस्तक बघायचंय. त्या काचेच्या कपाटात, वरच्या खणात आहे. मला इथून दिसतंय."

"मग बघा की. बघायला सभासदत्व लागत नाही. वाचायला लागतं."

बूट जागेवरून हलले नाहीत. "ठीक आहे. करून घ्या मला सभासद."

"हा अर्ज. दोन सभासदांची शिफारस लागेल. शिवाय मंडळानं प्रकाशित केलेलं किमान एक पुस्तक आपण वाचलेलं असावं. कुठलं वाचलंय?"

"हेच. मी लिहिलंय ते."

"लिहिलंत ते कळलं. वाचलंय का?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न आला असावा. "प्रुफं वाचली होती."

"प्रुफं धरत नाही आम्ही."

मी टेबलाखाली वायर सोडून दिली.

"हे बघा हर्डीकर," बाईंचा आवाज आता शिकवण्याचा झाला होता. "तुमच्याकडे ही एकच प्रत उरलीय. माझ्याकडे तीही नाही. स्कॅन करून इंटरनेटवर टाका. हक्क माझे आहेत, मी फुकट देतेय. मला एक पैसा नको."

"हक्क तुमचेच आहेत, बाई. कोण नाही म्हणतंय? पुस्तक आमचं आहे."

"मग नवी आवृत्ती काढा."

"मागणी नाही."

"मी मागतेय ना!"

"आपण सभासद नाही."

मी बाहेर आलो. डोकं टेबलाला आपटलं, ते एका अर्थी बरंच झालं, कारण तोंडातून जे निघणार होतं ते 'आई गं' होऊन निघालं.

"अरे वेबसाईट, तू खाली काय करतोयस?" सर म्हणाले. माझं नाव हृषीकेश आहे. पण मी मंडळाची वेबसाईट करत होतो, आणि माणसाला त्याच्या कामावरून ओळखावं असं सरांचं मत होतं.

मंडळ म्हणजे सिनेमावर संशोधन करणारी पुण्यातली संस्था. संशोधन बंद पडून बराच काळ लोटला होता. संस्थेचा हॉल मात्र जोरात चालायचा. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं. वेबसाईटवर 'हॉल', 'मेनू', 'पार्किंग' आणि 'संशोधन' अशी चार बटणं होती. 'संशोधन' दाबलं की काय उघडावं असं मी सरांना विचारलं होतं. खूप विचार करून ते म्हणाले होते, "हॉलच उघडू दे."

बाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "तू ऋचाचा भाऊ ना? तुमच्या दोघांचं नाक एकच आहे."

माझी बहीण ऋचा बाईंकडे जपानी शिकली होती. त्यावर तिला नोकरी लागली, नोकरीत अमोघ भेटला. आमच्या घरी बाईंचं नाव देवाच्या खालोखाल घेतात. मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडायला गेलो.

*

"बेन्शी म्हणजे काय, माहितेय?" बाईंनी चहा ओतता ओतता विचारलं.

"नाही."

"ऋचानं सांगितलं नाही? काय शिकवलं मी तिला! अरे, जपानात मूकपट चालायचा तेव्हा पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. नायक तोच, नायिकाही तोच, रडणारं पोरही तोच. लोक नटाचं नाव विचारायचे नाहीत, आज बेन्शी कोण आहे ते विचारायचे. मग बोलपट आला आणि सगळे घरी बसले. मी तिकडे शिकायला गेले तोवर म्हातारे झाले होते. कुबोता-सान तर एका सार्वजनिक न्हाणीघरात लोकांच्या चपला सांभाळायचे."

त्या म्हाताऱ्यानं बाईंना एक अख्खा सिनेमा तोंडी सांगितला होता. सिनेमा कुठेच उरला नव्हता, युद्धात जळला. फक्त त्याच्या डोक्यात होता. बाईंनी तो टेप करून घेतला, अशाच आणखी काही म्हाताऱ्यांचे आवाज घेतले, परत येऊन मराठीत पुस्तक लिहिलं. मंडळानं ते छापलं आणि उरलेला गठ्ठा एका पावसात भिजला तेव्हा रद्दीत घातला.

"तुमच्याकडची प्रत?"

"शेवटची एका मुलानं पीएचडीसाठी नेली. तो डॉक्टर झाला, अमेरिकेत गेला. पुस्तकाचं पुढचं शिक्षण कळलं नाही."

"आणि टेप?"

"त्या मंडळाकडे ठेवल्या होत्या. माझ्या घरी ओल यायची ना, म्हटलं संस्थेत सुरक्षित राहतील. त्यांचं पत्र आलं, बुरशी लागली म्हणून टाकून दिल्या." बाईंनी बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. "चालायचंच."

मला ते 'चालायचंच' अजिबात आवडलं नाही.

बाई मंडळात गेल्या होत्या त्याचं कारण होतं हारुए कुबोता. कानाझावाला शाळेत शिकवते. तिनं बाईंना ईमेल पाठवला होता: आजोबा मी लहान असताना गेले, त्यांचा आवाज मला आठवत नाही, पण त्यांचा शब्द न् शब्द एका मराठी पुस्तकात आहे असं ऐकते, तर मी मराठी शिकायला तयार आहे, पुस्तक कुठे मिळेल?

"आता या मुलीला काय कळवू?" बाई म्हणाल्या. "पुण्याला ये, दोन सभासदांची शिफारस आण?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"तो म्हातारा मला रोज विचारायचा. तुमच्याकडे हे कोण वाचणार? मी म्हटलं, ज्याला हवं तो. रोज विचारायचा, रोज मी हेच सांगायची. शब्द दिला ना रे मी."

*

पुढच्या मुहूर्ताला मंडळात लग्न होतं. त्या दिवशी मला सुट्टी असायची, कारण वाचनालयच नसायचं. दारावरची पाटी एका बाजूनं 'वाचनालय – शांतता राखा' होती आणि उलटी केली की 'वरपक्ष'. टेबलं भिंतीला लागत, आरसा येई, आणि जिथं एरवी कागदाचा आवाज झाला तरी सर चष्म्यावरून बघत तिथं दहा बायका एकाच वेळी केसांना पिना लावत.

मी चार्जर विसरलो होतो म्हणून गेलो. दारात सर एका गृहस्थांना चावी देत होते. नवऱ्या मुलाचे मामा.

"दागिने, पाकिटं, काय असेल ते आत ठेवा," सर सांगत होते. "कुलूप पक्कं आहे."

चावी त्या काचेच्या कपाटाची होती. दुर्मिळ ग्रंथांच्या. सबंध इमारतीत कुलूप लागणारं कपाट तेवढं एकच, त्यामुळे वरच्या खणात दुर्मिळ ग्रंथ आणि खालच्या खणात वरपक्षाचे शालू, अशी व्यवस्था होती आणि ती कुणालाच विचित्र वाटत नव्हती. मामांनी कपाट उघडलं. पाकिटं ठेवली. केसांच्या स्प्रेची बाटली ठेवली. मग वरच्या खणात हात घालून एक पुस्तक काढलं आणि खुर्चीवर बसून त्यानं वारा घ्यायला लागले.

'पडद्याशेजारचा माणूस'. लेखिका, कु. सरोजिनी किरपेकर.

"मामा, ते दुर्मिळ आहे," मी म्हणालो.

"हो का?" त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "वारा चांगला येतो पण."

मी सरांकडे गेलो. सर हॉलच्या कोपऱ्यात त्यांच्या टेपरेकॉर्डरपाशी होते. सनई ते स्वतः लावायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कॅसेट घरून खिशात घालून आणायचे, आणि सनई संपत आली की हातातला चहा टाकून उठायचे आणि कॅसेट उलटी गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून लावायचे. मला वाटायचं, या माणसाला सूर तुटलेला सोसत नाही.

"सर, त्या मामांना पुस्तक चालतं आणि लेखिकेला चालत नाही?"

"वेबसाईट, तू करार टाईप केलायस ना? मग?"

करार मीच टाईप केला होता, पण टाईप करताना मी वाचत नाही. त्याच दुपारी घरी जाऊन वाचला. कलम सरांच्या स्वतःच्या शब्दांत होतं: 'कार्यक्रमाच्या दिवशी इमारत, तीमधील खोल्या, कपाटे व त्यांतील वस्तूंसह, दुपारी चारपर्यंत यजमानांच्या ताब्यात राहील. इमारतीच्या कोणत्याही भागात छायाचित्रण वा चित्रीकरण करण्यास यजमानांस मज्जाव असणार नाही.' जुन्या प्रोजेक्टरसमोर फोटो काढायला जोडपी येतात म्हणून सरांनी ते घातलं होतं.

म्हणजे पुस्तकाची लेखिका असून उपयोग नव्हता. अभ्यासक असून नव्हता, नात असून नव्हता. वाचायला आधी कुणाचं तरी लग्न ठरायला हवं होतं.

आमच्याकडे ते ठरलं होतं.

*

"हृष्या, माझा साखरपुडा आहे तो," ऋचा म्हणाली. "तुझं झेरॉक्सचं दुकान नाही."

"मला माहितेय."

"सासूबाईंनी एसी हॉल सांगितलाय. त्या मंडळाच्या हॉलमध्ये पंखे पण वळून बघत नाहीत."

"मला माहितेय."

"आणि तिथलं बाथरूम?"

मी मामांची गोष्ट सांगितली. वाऱ्यापर्यंत आलो तेव्हा ती नखं रंगवायची थांबली.

"बाईंच्या पुस्तकानं?"

"बाईंच्या पुस्तकानं."

तिनं अमोघला फोन लावला. "अरे, हॉल बदलतोय. आईंना सांग, गुरुजी म्हणाले. कुठले गुरुजी ते सांगू नकोस." मग ऐकत राहिली. मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "पार्किंग आहे का, विचारतोय."

"वेबसाईटवर बटण आहे म्हणावं."

*

साखरपुड्याच्या दिवशी सरांनी चावी माझ्या हातात ठेवली तेव्हा त्यांनी मला ओळखलं, पण यजमान म्हणून. "या, या," म्हणाले. पहिल्यांदाच मला अहोजाहो केलं.

बाई हिरव्या इरकलीत आल्या होत्या, खाली तेच बूट. मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते लगेच उघडलं नाही. पाठीवरची धूळ पदरानं पुसली. स्प्रेचा एक डाग होता, तो निघाला नाही.

फोटोग्राफर तांबोळी म्हणून होते. स्टेज त्यांनी भावाकडे दिलं आणि स्वतः दिवे घेऊन आमच्याकडे आले. काम काय ते मी आधीच सांगितलं होतं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "एका लग्नात मी नुसत्या जिलब्यांचे काढलेत," म्हणाले. "मॅडम, पान सरळ धरा. अंगठा येतोय."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "अंगठा आला की पाहुणीचा फोटो. नाही आला की पुस्तकाचा."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. करार त्यांनीही वाचला होता.

बाहेर सनई चालू होती. बाई पान उलटत होत्या, तांबोळी टिपत होते, अमोघची आत्या आरशात बघून टिकली लावत होती आणि मधेच विचारत होती, "कुठली पोथी हो?" बाई सांगत होत्या, "जपानची." आत्यानं लांबूनच नमस्कार केला.

पुस्तक निम्म्याच्या पुढे गेलं तेव्हा दारात मोजे दिसले.

"हे काय चाललंय?"

"फोटो," तांबोळी म्हणाले.

"कशाचे?"

"पाहुण्यांचे."

सर पुढे आले. "या सभासद नाहीत!"

"सभासद कसल्या?" मी म्हणालो. "आमच्या पाहुण्या आहेत. आज वाचनालय कुठंय? पाटी बघा."

सरांनी खरंच वळून पाटी बघितली. 'वरपक्ष'.

"पण एकाच पाहुणीचे इतके फोटो?"

"पॅकेजमध्ये कितीही काढता येतात," तांबोळी म्हणाले. "मॅडम, पुढचं पान."

"पान उलटायचं नाही!" सर ओरडले. "वेबसाईट, तुला मी कामावर ठेवलं—"

"हर्डीकर, शांतता राखा," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

सर करार मागायला लागले. मी खिशातून काढून दिला. ते स्वतःचं कलम पुन्हा पुन्हा वाचत होते, ओठ हलवत, आणि ते वाचत होते तोवर बाहेर सनई संपली.

आधी खरखर झाली. मग हॉलच्या सगळ्या कर्ण्यांतून एक म्हातारा माणूस बोलायला लागला. खर्जातला, थोडा घोगरा आवाज. भाषा मला कळत नव्हती.

बाईंचा अंगठा पानावर थांबला. तांबोळींनी तोही फोटो घेतला. अल्बममध्ये तो आहे. बाकीच्या सगळ्या फोटोंसारखाच दिसतो.

"कुबोता-सान," बाई म्हणाल्या. कुणी बेल वाजवल्यावर दार उघडून म्हणावं तसं.

सर दाराकडे धावले. मोज्यांमुळे पाय चपलेतून सटकला म्हणून, नाहीतर ते आधी पोचले असते. बाई त्यांच्या बाजूनं निघून गेल्या, पुस्तक माझ्या हातात देऊन. मी मागोमाग.

हॉलमध्ये पंगत बसली होती. स्टेजवर ऋचा आणि अमोघ खुर्च्यांवर, त्यांच्यामागे पडदा, पडद्यावर ऋचाचे लहानपणचे फोटो एकामागून एक. ऋचा उभी राहिली होती. हॉलमध्ये बाईंशिवाय भाषा कळणारी ती एकटीच होती. तिचं तोंड उघडं होतं.

गाड्या हलवायला सांगायचा माइक स्टेजच्या कडेला होता. बाईंनी तो उचलला आणि पडद्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"बर्फ पडतोय," त्या म्हणाल्या.

वाढपी थबकले. कर्ण्यातला आवाज पुढे जात होता आणि बाई त्याच्या अर्धा श्वास मागे.

"पुलावर एक आई उभी आहे. तिला दिसत नाही. आज शहरातून मुलगा यायचाय. मंडळी, तुम्हाला बर्फ दिसत नसेल. फिल्म जुनी झालीय, ओरखडे पडलेत. पण मी सांगतो ना, बर्फ पडतोय."

पडद्यावर ऋचा स्नेहसंमेलनात भोपळा झाली होती.

"मुलगा आलाय. पुलाच्या टोकाला उभा आहे. आई विचारते, कोण आहे? तो बोलत नाही. हात रिकामे आहेत त्याचे. आई म्हणते, कोणी का असेना, छत्रीत या."

अमोघच्या आईनं ऋचाचा पदर ओढला. "हा कुठला विधी गं?"

"आमच्यात असतो," ऋचा म्हणाली.

सर टेपरेकॉर्डरपाशी पोचले होते. ऋचा शालूसकट स्टेजवरून उतरली आणि त्यांच्या आणि बटणाच्या मधे जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा. ती मंडळाची कॅसेट आहे."

"चारपर्यंत आमची," ऋचा म्हणाली. "वस्तूंसह."

"इथं लोक रडायचे," बाई सांगत होत्या. "मी थांबायचो. आताही थांबतो."

आणि कर्ण्यातला माणूस खरंच थांबला. नुसती टेपची खरखर. तेवढ्यात लांबच्या पंगतीतून एका वाढप्याचा आवाज आला, त्याला पत्ताच नव्हता: "बासुंदी... बासुंदी..."

मग तो माणूस पुन्हा सुरू झाला. फार वेळ नाही. आई आणि मुलगा एका छत्रीतून पुलावरून चालायला लागले, आणि मधेच खटका पडून कॅसेट संपली. ती दोघं घरी पोचली की नाही, ते पुस्तकात आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुठल्या वेळी वाजवायच्या ते ठाऊक नव्हतं. आमचे काका तेवढे डोळे पुसत होते, पण ते नंतर म्हणाले ठेचा.

बाई माइक ठेवून सरांकडे आल्या. मला वाटलं, आता या माणसाला बुटानं मारणार. मी मदत करायला तयार होतो.

"बुरशी लागली होती ना हो?" त्यांनी विचारलं.

"ते आधीच्या कार्यवाहांनी कळवलं असेल. मला फक्त सनई भरायला दिल्या होत्या." सर कराराची घडी घालत होते. "तेव्हा कॅसेटी महाग होत्या, बाई. आणि या कोऱ्याच होत्या. नुसतं कोणीतरी परक्या भाषेत बोलत होतं."

"कोऱ्या होत्या," बाई म्हणाल्या.

"एवढी एक सनई थोडी कमी पडली. म्हणून मी लक्ष ठेवतो. पाहुण्यांना उगाच त्रास नको."

इतकी वर्षं चहा टाकून उठत होता माणूस. सुरासाठी नाही.

"बाकीच्या कुठंयत?" मी विचारलं.

"एकीवर चौघडा. दोहोंवर मंगलाष्टकं. त्या पूर्ण भरल्यात, त्यांची काळजी नाही."

मी काहीतरी बोललो. ते इथं लिहीत नाही, कारण हे कुटुंबात वाचलं जाईल. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हृषीकेश, अजून पानं उरलीयत. चारच्या आत संपव."

आम्ही संपवली. चार वाजता सरांनी चावी घेतली, पुस्तक मोजून, म्हणजे एक असं मोजून, वरच्या खणात ठेवलं, कॅसेट खिशात घातली आणि पाटी उलटी केली. बाईंनी कॅसेट मागितली. ती हॉलची आहे आणि मुहूर्ताला लागते, असं उत्तर मिळालं.

*

माझी नोकरी त्याच दिवशी गेली. वेबसाईट अर्धवट राहिली आणि अजून तशीच आहे. 'संशोधन' दाबलं की हॉल उघडतो.

अल्बम आम्ही सगळ्या जगाला खुला ठेवला. तांबोळींच्या भावानं स्टेजवर कॅमेरा चालू ठेवला होता, त्यामुळे बाई आणि तो आवाजही त्यात आहे. हारुएचं उत्तर आलं. आजोबांचा आवाज ऐकला, आमच्या घरातले सगळे बसून ऐकतो, असं तिनं लिहिलं होतं. आजोबा थांबतात तिथं कोणीतरी अतिशय करुण स्वरात 'बासुंदी' म्हणतं, ती तुमच्याकडची शोकाची पद्धत आहे का, असंही विचारलं होतं. बाईंनी कळवलं, होय.

आता त्या अल्बममध्ये अनोळखी लोक येतात. कुठकुठले विद्यार्थी, अभ्यासक. ऋचाच्या पेढ्यांपाशी घुटमळतात, मग बाईंपर्यंत पोचतात. प्रत्येक पानावर हिरव्या इरकलीचा तुकडा आणि एक अंगठा असतो. त्या अंगठ्याबद्दल एका फ्रेंच बाईनं मला पत्र पाठवलं, की हा कुणाचा. मी लिहिलं, पाहुणीचा.

मंडळाच्या वकिलांची नोटीस दरवर्षी येते. एकाच पाहुणीची छायाचित्रं प्रमाणाबाहेर आहेत, ती काढून टाकावीत. मी दरवर्षी करारातलं कलम पाठवतो.

किरपेकर बाई गेल्या. सभासदत्वाचा अर्ज त्यांनी भरला होता. 'मंडळाचे कोणते पुस्तक वाचले आहे' यापुढे त्यांनी आपल्याच पुस्तकाचं नाव घालून कंसात 'प्रुफांसह' असं लिहिलं होतं. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.

मागच्या आठवड्यात नोटीस आली तेव्हा कलमासोबत मी एक कागद जोडला. त्याची नक्कल अशी:

मा. कार्यवाह यांस,

स. न. वि. वि. विनंती अर्ज करतो की, मंडळाच्या सभागृहात शुभकार्याच्या दिवशी सनईची कॅसेट लावण्यात येते. सदर कॅसेट सनई संपताच बंद करण्यात येऊ नये. ती पुढे वाजू द्यावी. तेवढ्या वेळापुरते पंखे बंद ठेवावेत, वाढप्यांनी पदार्थांची नावे हळू घ्यावीत, आणि पडद्याशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवावी. सदर खुर्चीस सभासदत्वाची अट लावू नये. आवाज जिथे थांबतो तिथे उपस्थितांनीही थांबावे.

योग्य ती कार्यवाही होऊन उत्तर मिळावे, ही विनंती.

कळावे.